ठाणे जिल्ह्याची सरासरी आणि आपल्या प्रभागातले मूल: पोषणाची आकडेवारी धोरणापर्यंत कशी पोहोचावी?

कोलशेतकर (धागाकर्ता)

ठाणे जिल्ह्यात कुपोषण म्हटले की आजही बहुतेकांना जव्हार-मोखाडा आठवते. १९९२ मध्ये वावर-वांगणीतील बालमृत्यूंनंतर राज्यभर खळबळ उडाली आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याला ही ओळख चिकटली. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी, वाडा, वसई आणि पालघर हे आठ तालुके तिकडे गेले, आणि उरलेल्या सात तालुक्यांच्या ठाण्याकडे 'सहा महानगरपालिकांचा सधन, शहरी जिल्हा' म्हणून पाहिले जाऊ लागले. येऊरच्या पाड्यावरील, दिव्याच्या चाळीतील किंवा मुंब्र्याच्या डोंगरउतारावरील मुलांची स्थिती या विभाजनाने बदललेली नाही, परंतु ती मुले ज्या आकड्यात मोजली जातात तो आकडा मात्र पूर्णपणे बदलला.

याचा सर्वांत मोठा परिणाम तुलनेवर होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची चौथी फेरी (२०१५-१६) २०११ च्या जनगणनेतील ६४० जिल्हे धरून झाली. म्हणजे तिच्यातील 'ठाणे' पालघरसह आहे. पाचवी फेरी (२०१९-२१) ७०७ जिल्ह्यांवर झाली आणि तिच्यातील 'ठाणे' पालघरविना आहे. या दोन तक्त्यांतील आकडे शेजारी ठेवून 'ठाण्यात कुपोषण घटले' असा निष्कर्ष काढलेली निवेदने मी वाचली आहेत. त्यांत सुधारणा किती आणि नकाशावरची वजाबाकी किती, हे वेगळे करता येत नाही. आरोग्याची तरतूद ठरवताना हाच आकडा पुढे ठेवला गेला, तर निर्णयाचा पाया सुरुवातीलाच कच्चा राहतो.

राज्याचे आकडे तरी दिलासा देणारे आहेत का? पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आहेत, २५.६ टक्के मुलांचे वजन उंचीच्या मानाने कमी आहे (म्हणजे ती लुकडी आहेत) आणि ३६.१ टक्के मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी आहे. चौथ्या फेरीत हेच आकडे अनुक्रमे ३४.४, २५.६ आणि ३६.० होते. तीव्र लुकडेपणा तर ९.४ वरून १०.९ टक्क्यांवर गेला. शिवाय महाराष्ट्रातील पाचव्या फेरीचे काम २०१९ च्या उत्तरार्धात, कोविडच्या आधीच उरकले होते, त्यामुळे या साचलेपणाचे खापर महासाथीवर फोडण्याची सोय नाही.

आता मुख्य अडचण सांगतो. जिल्ह्याच्या तक्त्यात संपूर्ण जिल्ह्याला मिळून एकच आकडा असतो, आणि त्यात घोडबंदर रस्त्यावरील मनोरे, भिवंडीच्या यंत्रमागांभोवतीच्या खोल्या आणि मुरबाडचे पाडे एकत्र मिसळलेले असतात. नमुनाही लहान असतो. समजा, एका जिल्ह्यात ३०० मुले मोजली आणि त्यांतील २५ टक्के लुकडी आढळली. समूहनिहाय नमुना निवडीमुळे, म्हणजे आधी काही वस्त्या निवडून त्यांतीलच घरे घेतल्यामुळे, वाढणारी अनिश्चितता धरली, तर खरे प्रमाण साधारण १९ ते ३१ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. एवढ्या रुंद पट्ट्यावरून कळवा आणि नौपाडा यांच्यातील फरक कळणार नाही. ठाण्यात नऊ प्रभाग समित्या आहेत आणि नवी मुंबईत आठ विभाग आहेत. निधी, कर्मचारी आणि दवाखाने याच पातळीवर वाटले जातात, आणि नेमक्या याच पातळीवर पोषणाचे विश्वासार्ह चित्र आपल्या हाती नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की, महानगरपालिका क्षेत्रातील पोषणविषयक कोणताही निर्णय प्रभाग पातळीवरील, स्वतंत्रपणे पडताळलेल्या मोजमापावर आधारलेला असावा, आणि ते मोजमाप करणाऱ्यांना निकालाची भीती नसावी. ज्यांनी या व्यवस्थेत काम केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

माजी पर्यवेक्षिका

कोलशेतकर, आपण शेवटी भीतीचा उल्लेख केलात, म्हणून लिहिते. मी शहरी बालविकास प्रकल्पात पर्यवेक्षिका होते. प्रकल्पाचे नाव देत नाही.

अंगणवाडीतील मोजमाप कसे होते हे आधी समजून घ्यावे लागेल. शहरातील अंगणवाडी बहुधा भाड्याच्या खोलीत भरते. एका भिंतीला आहाराची पोती, दुसऱ्या भिंतीला रजिस्टरांचे कपाट, आणि उरलेल्या जागेत मुले. दोन वर्षांखालील मुलाची लांबी आडवे झोपवून मोजायची असते. फळीवर मूल झोपवायचे, एकीने डोके वरच्या पट्टीला टेकवून स्थिर धरायचे, दुसरीने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती पट्टी टाचांना लावून आकडा वाचायचा. मूल रडते, कमरेतून वाकते, आई बाजूला अस्वस्थ उभी असते. मदतनीस त्या वेळी खिचडीपाशी असेल, तर सेविका एकटीच हे करते, आणि एकटीने केलेले मोजमाप एक-दोन सेंटीमीटरने हमखास चुकते. दोन वर्षांवरील मुलाला उभे करून मोजायचे असते; आडवी लांबी उभ्या उंचीपेक्षा सरासरी ०.७ सेंटीमीटर अधिक भरते, त्यामुळे कोणती पद्धत वापरली याची नोंदही तितकीच महत्त्वाची आहे. वजनाचे तसे नाही. काटा ठीक असेल तर वजन पटकन मिळते.

परिणामी महिन्याच्या शेवटी वजन ताजे असते, परंतु उंची कित्येकदा मागच्या महिन्याची, कधी त्याही आधीची असते. हा सेविकेचा आळस आहे असे मी म्हणणार नाही. तिच्याकडे लसीकरणाचा दिवस, गृहभेटी, घरपोच आहाराचे वाटप आणि पोषण ट्रॅकर या केंद्र शासनाच्या मोबाइल ॲपवरील नोंदी असतात, आणि जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी लाभार्थ्याचा चेहरा मोबाइलवर ओळखवून घेण्याचे कामही तिच्याच अंगावर आहे.

भीतीविषयी सांगायचे तर, मासिक बैठकीत ज्या बीटमध्ये, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडील अंगणवाड्यांच्या गटात, तीव्र कुपोषित, म्हणजे सॅम, मुलांची संख्या वाढलेली दिसे, तिथल्या सेविकेला सर्वांसमोर उभे करून 'तुमच्याकडेच एवढी का?' असे विचारले जाई. जिने दारोदार जाऊन मुले शोधली, तिला खुलासा लिहावा लागे. जिने शोधलीच नाहीत, तिचे काम समाधानकारक ठरे. असे दोन-तीन महिने गेले की पुढे काय होते, हे मी वेगळे सांगायला नको.

कोलशेतकर

ताई, आपल्या प्रतिसादामुळे एका मोठ्या कोड्याचा संभाव्य उलगडा होतो, म्हणून तो थोडा सविस्तर मांडतो.

पोषण ट्रॅकर १ मार्च २०२१ पासून सुरू आहे. केंद्र शासनाने संसदेत आणि निवेदनांत दिलेल्या त्याच्या आकड्यांनुसार देशातील लुकड्या मुलांचे प्रमाण ५ ते ७ टक्क्यांच्या आसपास राहिले आहे. कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ते १९.३ टक्के होते. २०२३ मध्ये जागतिक भूक निर्देशांकाने १८.७ टक्के हा आकडा वापरला, तेव्हा केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने ट्रॅकरचाच आधार घेऊन त्यावर आक्षेप घेतला होता. गंमतीची नव्हे, काळजीची बाब अशी की खुजेपणाच्या बाबतीत मात्र हेच दोन स्रोत बरेच जवळ आहेत. पाहणी ३५.५ टक्के सांगते, तर ट्रॅकर त्याच्या आसपास किंवा थोडा वरच असतो. एकाच मुलांच्या एका मापात तिपटीचा फरक आणि दुसऱ्यात जवळजवळ एकमत, असे का व्हावे?

जुनी उंची पुढे ओढली जात असेल, तर नेमके असेच घडेल. दीड वर्षाचे मूल महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढते. तीन महिन्यांपूर्वीची उंची तशीच ठेवली, तर मूल कागदावर सुमारे तीन सेंटीमीटर बुटके दिसते, आणि वयाच्या मानाने उंची कमी भरल्याने खुजेपणा वाढतो. उलट, त्या कमी उंचीला अपेक्षित वजनही अर्ध्या किलोहून अधिक कमी असते, त्यामुळे ताजे वजन तिच्याशी ताडून पाहिले की लुकडे मूल सुदृढ ठरते. अर्थात हे एकमेव कारण नाही. पाहणी यादृच्छिक निवडलेल्या घरांत जाते, तर ट्रॅकरमध्ये नोंदणी झालेलीच मुले येतात, आणि शहरात सर्वांत अडचणीतील मूल नोंदणीबाहेर असण्याची शक्यता अधिक असते. त्यात ताईंनी सांगितलेल्या खुलाशाच्या भीतीची भर पडते. हे सारे घटक लुकडेपणाचा आकडा खाली ओढणारे आहेत.

म्हणून ट्रॅकर रद्द करा, असे मी म्हणत नाही. प्रत्येक मुलाचा पाठपुरावा करण्यासाठी तो अत्यंत उपयोगी आहे. परंतु मुलाच्या पाठपुराव्याचे साधन आणि धोरणासाठी प्रमाण काढण्याचे साधन ही दोन कामे एकाच नोंदीवर सोपवली, तर दोन्ही बिघडतात.

बालरोगतज्ज्ञ_ऐरोली

मोजमापाच्या निकषांविषयी एक मुद्दा जोडतो, कारण धोरणकर्ते तो बहुधा वगळतात.

मापांवरून सॅम मूल दोन प्रकारे ओळखले जाते: उंचीच्या मानाने वजन प्रमाणापेक्षा फारच कमी असणे, म्हणजे मध्यापासून उणे तीन प्रमाण विचलनाच्या खाली, किंवा दंडघेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असणे. हे दोन निकष एकाच मुलाला पकडतीलच असे नाही. दंडघेरामध्ये लहान वयाची मुले अधिक सापडतात, तर वजन-उंचीच्या निकषात तुलनेने मोठी मुले अधिक येतात. केवळ दंडघेराची पट्टी घेऊन मोहीम केली की काम वेगाने होते, परंतु दुसऱ्या निकषात बसणारी मुले सुटतात. कोणत्या निकषाने किती मुले सापडली, हे अहवालात स्वतंत्र लिहिले नसेल, तर बाल उपचार केंद्रात किती खाटा लागतील याचा अंदाजही चुकतो.

दुसरी गोष्ट अशी की, आपल्या शहरांत माहिती भरपूर आहे, परंतु ती एकमेकींना भेटत नाही. बाळाचे जन्मवजन प्रसूतिगृहाच्या नोंदीत असते, आईचे हिमोग्लोबिन गर्भवती नोंदणीत, मुलाचे वजन अंगणवाडीत, आणि जुलाबाचे उपचार महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा कोपऱ्यावरील खासगी दवाखान्यात. शहरी अंगणवाड्या राज्याच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेखाली येतात आणि दवाखाने महापालिकेखाली; त्यामुळे एकाच गल्लीतील एकाच मुलाच्या नोंदी दोन वेगळ्या साखळ्यांतून वर जातात. अडीच किलोपेक्षा कमी वजनाची बाळे कोणत्या वस्तीत अधिक जन्मतात, एवढा एकच तक्ता प्रसूतिगृहांच्या नोंदींतून पत्त्यानुसार काढला, तरी पुढील दोन वर्षे लक्ष कुठे द्यायचे हे बरेचसे कळेल. त्यासाठी नवीन पाहणीचीही गरज नाही.

निवृत्त लेखापाल

चर्चा अभ्यासपूर्ण आहे, परंतु मी आयुष्यभर अंदाजपत्रके पाहिली आहेत, म्हणून वेगळी बाजू मांडतो. वस्तीतील मुलाला पुरेसे अन्न मिळत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. पाहणीवर जाणारा प्रत्येक रुपया हा आहारातून वजा झालेला रुपया असतो. अहवाल येईपर्यंत दोन वर्षे जातात, तोवर ते मूल शाळेत गेलेले असते. अशा परिस्थितीत आणखी मोजण्याऐवजी सरळ आहार वाढवावा, हे अधिक न्याय्य नाही का?

कोलशेतकर

आपला आक्षेप गंभीर आहे आणि त्याला आकड्यांनीच उत्तर द्यायला हवे.

'पुरेसे अन्न नाही' हे अनेक मुलांबाबत खरे आहे. देशात ६ ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी केवळ ११.३ टक्के मुलांना किमान स्वीकारार्ह आहार मिळतो, असे पाचवी फेरी सांगते. परंतु त्यावरून पोषण कुठे अडले आहे, हे कळत नाही. एखाद्या वस्तीत पाणी दूषित असेल आणि मूल पावसाळ्यात वारंवार जुलाबाने आजारी पडत असेल, तर वाढवलेला आहार अंगी लागत नाही. तिथे जलवाहिनीवर केलेला खर्च हाच पोषणावरचा खर्च असतो. दुसऱ्या वस्तीत आई सकाळी सातला कामावर जाते आणि मुलाला दिवसभर बिस्किटे किंवा दहा रुपयांचे पाकीट मिळते. तिथे पाळणाघराची गरज आहे. तिसरीकडे मूल मुळातच कमी वजनाचे जन्मले असेल, तर काम गरोदरपणात करावे लागेल. या तीनही वस्त्यांना एकच शिधा देणे समान दिसते, परंतु त्यात तीनपैकी दोन ठिकाणी पैसा वाया जाण्याचीच शक्यता अधिक आहे.

घरखर्चाच्या पाहणीवरूनही हे उलगडत नाही. २०२३-२४ च्या पाहणीनुसार शहरी भारतात माणशी दररोज सुमारे २,२४० किलोकॅलरी पडतात. परंतु ती घरात आलेल्या अन्नाची सरासरी आहे. त्यातील किती सुनेच्या ताटात गेले आणि किती दीड वर्षाच्या मुलाच्या वाटीत, हे त्यातून कळत नाही. ते कळण्यासाठी व्यक्तिनिहाय आहार पाहणी लागते. १९७२ पासून राष्ट्रीय पोषण संनियंत्रण ब्यूरो महाराष्ट्रासह काही राज्यांत ती नियमित करीत असे. २०१५ मध्ये तो ब्यूरो बंद झाला. माझ्या मते तो निर्णय देशाला महागात पडला आहे.

मोजमापाविना घेतलेल्या निर्णयाचे उदाहरण आपल्या समोरच आहे. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्यास राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरुवात केली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा राज्याचा निधी थांबवून ते लोकसहभागावर सोडले. मी स्वतः अंड्याच्या बाजूचा आहे. परंतु माझ्या मताला महत्त्व नाही. सुरू करताना काही शाळांतील मुलांची वजन-उंची आणि उपस्थिती नोंदवून ठेवली असती, तर थांबवताना तिजोरीशिवाय आणखी एक कागद टेबलावर असता.

आणि योग्य रीतीने मोजले तर काय होते, तेही पाहा. १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात गलगंडावर जे संशोधन झाले, त्यात खोऱ्याचे भाग पाडून काही भागांत आयोडीनयुक्त मीठ आणि एका भागात साधे मीठ दिले गेले, आणि काही वर्षांनी शाळकरी मुले पुन्हा तपासली गेली. फरक इतका स्पष्ट होता की १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रमच सुरू झाला. आज आपल्या घरातील मिठाच्या पिशवीवर 'आयोडीनयुक्त' लिहिलेले असते, त्यामागे ते मोजमाप आहे.

खर्चाबाबत: ठाण्यात प्रत्येक प्रभाग समितीत ३०० मुले धरली तर एकूण २,७०० मुले होतात. दोन जणांच्या पथकाने दिवसाला १५ मुले नीट मोजली, तर दहा पथकांना १८ दिवस लागतील. परिचारिका अभ्यासक्रमाचे विद्यार्थी आणि कळव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाचा सामाजिक वैद्यकशास्त्र विभाग यांची मदत मिळाली, तर हे काम एका महिन्यात होऊ शकते. यासाठी दोन वर्षे थांबण्याचे कारण नाही.

शहापूरकर

ठाणे आणि नवी मुंबईची चर्चा चालू आहे, त्यात शहापूर-मुरबाडची नोंद असावी, कारण आमचीच मुले वर्षातील सहा-सात महिने तुमच्या हद्दीत किंवा हद्दीला लागून असतात.

दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे भिवंडी, कल्याण, पनवेल बाजूच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. शहापूर अनुसूचित क्षेत्रात असल्याने येथील अंगणवाडीतून अमृत आहार योजना मिळते: गरोदर महिलेला आणि स्तनदा मातेला रोजचे एक वेळचे पूर्ण जेवण, आणि लहान मुलांना अंडी किंवा केळी. ही योजना भूगोलाशी बांधलेली आहे. कुटुंब भट्टीवर गेले की लाभ गावात राहतो आणि आई भट्टीवर. गावच्या नोंदीत ती 'स्थलांतरित' असते आणि भट्टीजवळच्या अंगणवाडीत तिचे नाव नसते. मालक उचल देऊन आणतो. आठ तास विटा थापणारी गरोदर बाई नोंदणीसाठी दुसऱ्या गावच्या अंगणवाडीत जाईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. राज्याने स्थलांतरितांचा माग ठेवणारी संगणक प्रणाली आणली आहे आणि ती आवश्यकच आहे, परंतु नाव दुसऱ्या अंगणवाडीला कळले तरी तिथे अमृत आहार नसेल, तर त्या माहितीचा त्या आईला उपयोग काय?

पाहणी केव्हा केली जाते, यावरही बरेच अवलंबून आहे. मार्चमध्ये पाड्यावर गेलात तर घरी म्हातारी माणसे भेटतील.

घणसोली_प्रयोगशाळा

मी रक्त तपासणीच्या क्षेत्रात आहे, त्यामुळे रक्तक्षयाच्या आकड्यांबद्दल लिहितो. पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांमधील रक्तक्षय ६८.९ टक्के आला; चौथ्या फेरीत तो ५३.८ टक्के होता. देशाचा आकडा ६७.१ टक्के. याउलट २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत १ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये तो ४०.५ टक्केच होता. वयोगट थोडे वेगळे आहेत, तरीही एवढी तफावत त्यामुळे येत नाही. मोठा फरक नमुना घेण्याच्या पद्धतीत आहे. कुटुंब आरोग्य पाहणीत बोटाला किंवा टाचेला टोचून निघालेला थेंब वापरतात, पोषण पाहणीत शिरेतून रक्त घेऊन यंत्रावर तपासले होते. बोट दाबून थेंब काढला की त्यात ऊतींमधील द्रव मिसळतो आणि हिमोग्लोबिन कमी दिसू शकते. हे मी रोज पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ च्या मार्गदर्शनात शिरेतील रक्तालाच पसंती दिली आहे.

धोरणाशी संबंध असा की, ऑगस्ट २०२१ मधील घोषणेनंतर शिधावाटपातील तांदूळ टप्प्याटप्प्याने लोहयुक्त करण्यात आला. त्यासाठी किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोहाचे प्रमाण ठरवले होते. रक्तक्षयाचे प्रमाण ६७ धरायचे की ४०, आणि त्यांतील किती रक्तक्षय लोहाच्या कमतरतेमुळे आहे, यावर अशा निर्णयाची गरज आणि मात्रा ठरते. जादा लोह ज्यांना अपायकारक ठरू शकते, त्या सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी हा प्रश्न केवळ अभ्यासाचा राहत नाही. आपल्या पाहणीत हिमोग्लोबिन घेणार असाल तर शिरेतूनच घ्या, नाहीतर घेऊच नका.

वाशीचे पालक

पाच वर्षांखालील मुलांनंतर थेट पंधरा वर्षांवरील व्यक्तींचेच वजन-उंची कुटुंब आरोग्य पाहणीत घेतले जाते. मधला सगळा शाळकरी वयोगट तिच्यात नाही. वर आलेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत मात्र शाळकरी व किशोरवयीन मुलांपैकी सुमारे १० टक्के मधुमेहपूर्व अवस्थेत आढळले होते. वाशी-नेरूळमधील शाळांच्या दाराबाहेर दुपारी काय विकले जाते हे पाहिले, तर आश्चर्य वाटत नाही. महाराष्ट्रात २३.४ टक्के स्त्रिया अतिवजनाच्या आणि २०.८ टक्के कमी वजनाच्या, असे कुटुंब आरोग्य पाहणीच्या एकाच, पाचव्या फेरीत दिसते. प्रभागाचे चित्र काढताना शाळा वगळू नयेत, एवढीच विनंती.

माजी पर्यवेक्षिका

पाहणी होणार असेल तर माझी एक अट आहे आणि ती मी आग्रहाने मांडते. निकाल हाती आल्यावर कोणत्याही सेविकेला खुलासा मागू नये, आणि सॅम मुलांच्या नावांच्या याद्या, फोटोंसह, व्हॉट्सॲप गटांवर फिरू नयेत. मी अशा याद्या फिरताना पाहिल्या आहेत. वस्तीत त्या आईला सासरचे आणि शेजारी काय बोलतात, ते ऐकवत नाही. पुढच्या महिन्यात ती आई मुलाला वजनासाठी आणत नाही.

कोलशेतकर

सर्वांचे मुद्दे धरून प्रभाग समितीकडे आणि बालविकास प्रकल्प कार्यालयाकडे द्यायच्या निवेदनाचा मसुदा असा करतो आहे:

'प्रत्येक प्रभाग समितीच्या क्षेत्रात यादृच्छिक निवडलेल्या घरांतील, अंगणवाडीत नोंद असलेल्या आणि नसलेल्या अशा पाच वर्षांखालील ३०० मुलांची वजन, उंची आणि दंडघेर ही मोजमापे, त्या प्रभागातील सेवेशी संबंध नसलेल्या दोन जणांच्या प्रशिक्षित पथकाने घ्यावीत. दहा टक्के मुलांची मोजमापे दुसऱ्या पथकाने पुन्हा घेऊन फरक प्रसिद्ध करावा. वजन-उंचीच्या व दंडघेराच्या निकषांनुसार आढळलेल्या मुलांची संख्या स्वतंत्र द्यावी. महापालिकेच्या प्रसूतिगृहांतील जन्मवजनाचा प्रभागनिहाय तक्ता सोबत जोडावा. निकाल फक्त प्रभाग पातळीवर जाहीर करावेत. मुलांची ओळख उघड करू नये आणि निकालाच्या आधारे अंगणवाडी सेविका किंवा मदतनीस यांच्यावर कार्यवाही करू नये. पुढील अंदाजपत्रकातील पोषण, पाणीपुरवठा व पाळणाघरांच्या तरतुदींसोबत हा अहवाल सभेपुढे ठेवावा.'

शाळकरी वयोगटासाठी स्वतंत्र परिच्छेद करतो. हिमोग्लोबिन या फेरीत घेत नाही. अमृत आहार स्थलांतरासोबत जाण्याची मागणी राज्याकडे करावी लागेल, त्यासाठी शहापूरकरांनी मसुदा पाठवावा.

शहापूरकर

पाठवतो. भिवंडी आणि कल्याण तालुक्यांतील भट्ट्यांजवळच्या अंगणवाड्यांची यादीही जोडतो.

बालरोगतज्ज्ञ_ऐरोली

मसुद्यात एक दुरुस्ती सुचवतो. एकच फेरी करू नये. लुकडेपणा ऋतूनुसार बदलतो. जुलाब-तापाच्या दिवसांत तो वाढतो. त्यामुळे निम्मी मुले ऑगस्टमध्ये आणि निम्मी फेब्रुवारीत मोजावीत, आणि दोन्ही फेऱ्यांचे आकडे वेगळे छापावेत. फेब्रुवारीच्या फेरीत भट्ट्या आणि बांधकामांवरील वस्त्या घरांच्या यादीत आवर्जून घ्याव्यात, कारण मालमत्ता कराच्या नोंदीवरून यादी केली तर त्या तिच्यात येणारच नाहीत. दिघा-ऐरोली भागातील अशा वस्त्यांची यादी करून मी पुढच्या आठवड्यात येथेच देतो.